उघड्या नळांची शाळा

भाईंदरातली आमची पालिकेची शाळा जुनी. टाकी गळायची, ती भरायला मोटर दिवसभर घरघरायची आणि तरी मुलींच्या शौचालयात थेंबभर पाणी नसायचं. मधल्या सुट्टीत मोठ्या मुली घरी पळायच्या, त्या परत यायच्याच नाहीत. माझा गणिताचा तास नेमका सुट्टीनंतर. अर्ध्या रिकाम्या बाकांना काय डोंबल शिकवणार?

सातवीतली, शेजारच्या राई गावची एक पोर गणितात भारी हुशार. एक दिवस तिची आई येऊन म्हणाली, "बाई, अर्धीच शाला होते हिची. दिवालीनंतर ऱ्हाऊ दे तिला घरी."

"दिवाळीच्या आत पाणी आणते!" मी म्हटलं. बोलून तर बसले!

मग मी मोठ्या बाईंच्या मागे भुणभुण लावली, त्यांनी पालिकेच्या मागे. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. टाकीची गळती बंद झाली, पाईप बदलले, कमी वीज खाणारी मोटर आली, वर्गात नव्या ट्यूब लागल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर टाकी काठोकाठ भरली. मी शिडी चढून डोळे भरून बघून आले. प्लंबरने जाताना नळांकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडला आणि शाळेला कुलूप लागलं.

सोमवारी टाकी ठणठणीत कोरडी!

गळती कुठेच नव्हती. नळ मात्र झाडून सगळे उघडे. अहो, आमच्याकडे नळ बंद ठेवतं कोण? पाण्याचा नेम नाही, म्हणून नळ उघडा टाकायचा, खाली बादली ठेवायची, धार वाजली की धावायचं. इथल्याच इंद्रलोक वसाहतीत माझ्या घरीही तेच. घरी जाताना मुलींनी सवयीने नळ सोडले होते. आधी मी भडकले, मग हसता हसता खाली बसले.

पालिकेच्या इंजिनियरसाहेबांनी हात सोडला की आपोआप बंद होणारे नळ बसवले. दोनच दिवसांत ये रे माझ्या मागल्या! मुलींनी वेणीच्या लाल रिबिनी काढून नळ दाबून बांधलेले.

"अगं बयांनो, हे काय?"

राईची पोर म्हणाली, "पन बाई, नल बंद असला तं पानी आलेलं कलनार कसं?"

मी तिला धरून थेट गच्चीवर नेलं, टाकीत डोकवायला लावलं. ती बघतच राहिली. मग जिन्यावरून ओरडतच उतरली, "ए, सोडा गं रिबिनी! पानी यायचं न्हाय, पानी हितंच हाय!"

दिवाळीच्या सुट्टीआधी तिची आई मधल्या सुट्टीत तिला न्यायला आली.

"तू जा गं, माझा गणिताचा तास हाय," पोर म्हणाली.

आई तडक शौचालयाकडे गेली. मी दारात जीव मुठीत धरून उभी. ती ओले हात पदराला पुसत परत आली.

"बसू दे तिला," ती म्हणाली. "पुरी शाला करूनच येऊ दे."