कोरी चाकं

लोणावळा स्टेशनाबाहेर बॅगा दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. ओठांत स्क्रू धरूनच तो बोलतो. स्वतः देहूरोडच्या पुढे फारसा गेलेला नाही, पण परदेश त्याला बॅगांच्या चाकांवरून कळतात.

पहिल्यांदा जपानला निघालो तेव्हा मी नेटवरच्या सल्ल्यांची चाळीस पानं छापून घेतली होती. ती त्याने बघितलीसुद्धा नाहीत. माझ्या बॅगेला नवी चाकं बसवत म्हणाला, "जपानहून आलेली चाकं लय झिजलेली असत्यात. तितं चालाया लागतं, भाऊ. सामान कमी घ्या."

मी भरपूर घेतलं. वर चुकायच्या भीतीने आठ दिवस हॉटेल आणि टॅक्सी सोडली नाही. परत आल्यावर मात्र तुंगार्लीत शेजाऱ्यांना जपानवर सल्ले देत सुटलो.

महिन्याभराने बॅगेची चेन तुटली. त्याने ती बसवली, बॅग उलटी केली आणि चाकं फिरवून पाहिली. कोरी करकरीत होती. त्याने कानस घेतली आणि चारही चाकं नीट घासली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुमचे शेजारी सांगत व्हते," तो म्हणाला, "तुमी तितं लय चाललात म्हून."