दुकानाची दोन दारं

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी खानदेशात खापर गावी मास्तर होतो. तिथल्या बाजारातल्या कापडवाल्याने माझा जितका जीव खाल्ला, तितका चौथीच्या वर्गानेही खाल्ला नाही.

परदेशी ताग्यांवर देवादिकांची रंगीत चित्रं चिकटवलेली यायची. तो ती नखाने हळूच सोलायचा आणि दुकानाच्या दारांना लावायचा. विलायती मालाची डाव्या दाराला, जपानी मालाची उजव्याला. खालून वर, वर्षावर्षाची एकेक ओळ. डावं दार वर विरळ होत गेलेलं, उजवं गच्च. गिऱ्हाईक आलं की हा कापड मोजायचा गज हातात घेऊन, कुणाचा माल घटला नि कुणाचा वाढला, ते आधी दारांवर समजावणार. डोंगरातून पायपीट करून आलेल्या बायका लुगड्यासाठी ताटकळत उभ्या, आणि याचं आपलं एकच, "पहिले दार देखा!"

शाळा तपासायला साहेब येणार होता, म्हणून मला सदरा शिवायचा होता. अर्धा तास दारं ऐकल्यावर माझं डोकं फिरलं.

"अहो, आपल्या खानदेशचा कापूस गाड्या भरभरून त्या दोघांकडे जातो, त्याचं दार कुठंय?"

त्याने गज खाली ठेवला. बोटांवरची खळ पुसत म्हणाला, "गुरुजी, आपला कापूसले कोठे चित्र राहस? तो नुसता जास."

मग त्याने तीन वार कापड फाडलं. जपानीच होतं, स्वस्त पडायचं ना. ताग्यावरची लक्ष्मी सोलून त्याने माझ्या हातात दिली.

मीच ती उजव्या दाराला चिकटवली.