रेखाच्या फाटकापाशी वाजणारा ब्रेक

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी वाचून हसणारी बाई आहे मी. लाखनीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मशीन कुरकुरली की तेल घालायचं, नाहीतर सुई बदलायची... आवाजाला कारण असतंच, एवढंच मला माहीत. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमचं घर राइस मिलच्या मागे. हायवेला लागायला एकच रस्ता, आणि त्याच रस्त्यावर रेखाचं घर. रेखा म्हणजे माझ्या आधी आमच्या ह्यांनी पाहिलेली मुलगी. ह्यांना पसंत होती, सासूबाई आडव्या आल्या. लग्नाची हळद उतरली नव्हती, तर नणंदबाईंनी मला हे चहाबरोबर ऐकवलं! पुढे रेखाला गावातलंच स्थळ मिळालं आणि ती नेमकी आमच्या वाटेवर राहायला आली. लांब केस, दोन लेकरं झाली तरी कंबर तशीच. मला नाही आवडत ती. झालं?

मागच्या दिवाळीनंतर ह्यांच्या मोटरसायकलचा मागचा ब्रेक वाजायला लागला. कुईंऽऽ... दात आंबतील असा. पण कुठे? तर फक्त रेखाच्या फाटकासमोर. बाजारात नाही, हायवेवर नाही, उतारावर नाही. तिथेच! आणि वाजला की ती लगेच बाहेर — कधी हातात झाडू, कधी मोकळे केस.

"तिच्याच दारात काहून ब्रेक मारता हो तुम्ही?" एकदा मी मागच्या सीटवरूनच विचारलं.

"मी कुठं मारून राहिलो? आपोआप वाजते. लायनर घासले असतील."

"लायनर काय तिचं घर ओळखतात?"

ह्यांनी नुसता गिअर बदलला. त्यानेच माझं डोकं फिरलं. त्या दिवशी मी भाजीत मुद्दाम मीठ टाकलं नाही, आणि ह्यांनी तशीच खाल्ली. त्याचाही राग आला.

शेवटी मीच मिस्त्रीला घरी बोलावलं. त्याने चाक खोललं, ड्रममधली धूळ काढली, नवे लायनर टाकले, स्प्रिंगा बदलल्या, बेअरिंग फिरवून पाहिलं. "आता वाजली तं धंदा सोडतो, वहिनी!" म्हणाला.

संध्याकाळी रेखाच्या दारात वाजली.

मिस्त्री इरेला पेटला. दुसऱ्या दिवशी त्याने उजव्या पायाच्या पेडलपासून चाकापर्यंत जाणारा ब्रेकचा रॉडच काढला आणि माझ्या हातात दिला. आता मागचा ब्रेक लागणं शक्यच नव्हतं. ह्यांना मी घरी बसवलं. मिस्त्री इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत निघाला, आणि मी सोबत, हातात रॉड घेऊन.

रेखाचं फाटक आलं... कुईंऽऽ.

मिस्त्रीने घाईघाईने गाडी स्टँडवर लावली. "वहिनी, मले यातलं काही समजत नाही," एवढं बोलून तो जो गेला तो गेलाच.

रेखा बाहेर आली. मी बरंच काही बोलायचं पाठ करून ठेवलं होतं. पण तीच रडायला लागली. "ताई, तुमची गाडी माझ्याच घरापाशी काहून वाजते? आमच्या घरी रोज भांडण होऊन राहिलं यापायी. नवरा विचारते, कोणासाठी बाहेर पळतेस म्हणून. काय सांगू मी त्याले?"

मी रॉड तिच्यापुढे धरला. "हे पाहा. गाडीले ब्रेकच नाही."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं कशाला बोलू... तेव्हाही माझ्या मनात आधी हेच आलं, की मेली रडतानाही किती छान दिसते!

आम्ही ती गाडी विकली. बपेरा गावच्या एकाने नेली. त्याच्याकडे ती कधीच वाजली नाही. आमची नवी गाडी निमूट चालते. रेखाशी माझं बोलणंही सुरू झालं. तिचे ब्लाउज मीच शिवते आता. कंबरेचं माप घेताना जीव जळतो, पण ते असो.

मागच्या रविवारी दुपारी हे जेवून दिवाणावर झोपले होते. नवी गाडी अंगणात. मी शेजारी बसून हुक लावत होते. झोपेतच ह्यांचा उजवा पाय हलला. पंजा हळूच खाली दाबला गेला, थोडा वेळ तसाच राहिला... मग सैल झाला. आणि चेहऱ्यावर हसू. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रेखा होती. "ताई, आत्ताच तो आवाज आला. बाहेर जाऊन पाहिलं तं रस्त्यावर कोणीच नाही..."

कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. मिस्त्री तर आता आमच्या गल्लीतही येत नाही. ह्यांना उठवून विचारता आलं असतं, पण हिंमत झाली नाही. मी फोन ठेवला, ह्यांचा तो पाय उचलून मांडीवर घेतला आणि हे जागे होईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.