आत्याबाईंची पाथरी

सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचा आवाज कधी चढला नाही. जिव्हारी लागेल असं त्या अगदी शांतपणे, भाकरी थापता थापता बोलत. मला नावानं हाक नाही, "ए पाचोडकरीण" एवढंच. पाचोड माझं माहेर.

बिडकीनजवळच्या आमच्या रानात बांधाला पाथरी यायची. जमिनीला चिकटून पसरणारी, कातरलेल्या पानांची, तोडली की पांढरा चीक सुटणारी. ती शिजवायची नाही. कच्चीच, कांदा, दाण्याचा कूट आणि तेल-मीठ घालून ज्वारीच्या भाकरीशी खायची. पण पिवळं फूल यायच्या आत तोडली तर. तेव्हाही जराशी कडसर, नंतर ती कडूजहर. नवी असताना मी फुलावरची ओटीभर तोडून आणली. आत्याबाईंनी टाकून दिली नाही. माझ्याच ताटात वाढली. "तूच आणली ना? मग गिळ." सगळे जेवून उठले तरी मी चावतच होते.

पुढं दुष्काळात मला मुलगी झाली आणि अंगावर दूध येईना. लेकरू रडून रडून निळं पडायचं. पाथरीनं दूध उतरतं म्हणून आत्याबाई भर उन्हात कोरड्या कालव्याच्या कडेनं फिरून मूठ-दोन मूठ आणायच्या. आधी दारच्या म्हशीला, उरलेली मला. "म्हैस बोलत नाय न् दूध देती. तुझं समदं उलटं." मला रडू फुटायचं. त्यावर म्हणायच्या, "पाणी डोळ्यावाटं घालवू नको. दुधाला राहू दे."

वैरण संपली तशी म्हैस विकावी लागली. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. मग सगळी पाथरी माझ्या वाट्याला आली, हळूहळू दूध उतरलं, पोर जगली. आत्याबाई म्हणाल्या, "चांगली व्हती ती म्हैस गेली, ही राहिली." मेली एक गोड शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं?

रान कारखान्यांत गेलं, आम्ही शहरात, गारखेड्यात आलो. तिथंच आत्याबाई गेल्या. मला रडू आलं नाही. सुटले बाई, एवढंच वाटलं.

यंदा तीच लेक बाळंतपणाला आली. बाळ झालं, तर तिलाही दूध कमी. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पाथरी दिसली, फूल यायच्या आतली. धुऊन तिच्या ताटात वाढली. पहिल्याच घासाला तिनं तोंड वाकडं केलं, डोळे भरून आले.

"पाणी डोळ्यावाटं घालवू नको," मी भाकरी थापता थापता म्हणाले. "दुधाला राहू दे."

लेकीनं मान खाली घातली आणि चावू लागली.