लाल्या

माझं माहेर धुळ्याचं, अगदी शहरातलं. कपाशी पाहिली ती एस.टी.च्या खिडकीतून. लग्न होऊन जळगावला आले, तेव्हा ह्यांनी हौसेनं माशांची काचपेटी आणली आणि आठवडाभरात तिला विटले. ती माझ्या गळ्यात पडली. मला मात्र माशांपेक्षा तिच्यातली लाल देठाची पाणवनस्पती आवडली. गिरणा नदीची वाळू धुऊन तिच्यात एकेक काडी खोचायची, वाढली की शेंडा खुडून पुन्हा लावायचा. दुकानदारानं बजावलं होतं, "खत घालू नका. उपाशी ठेवा, ट्यूबलाइट जवळ घ्या, मग रंग चढतो." आणि चढला की! डाळिंबाच्या फुलासारखा. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला यायच्या आणि मी उगाच काच पुसत उभी राहायची.

त्याच वर्षी सासूबाई गेल्या. पारोळ्याकडच्या गावातून आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही घरी आणलं. त्यांची पिशवी दाराशी भरलेलीच असायची. रोज सकाळी परतीच्या गाडीची वेळ विचारायचे, एकच पालुपद, "मन्हा जीव आठे लागत नही. पारोळानी गाडी कव्हय शे?" जेवणही निम्मंच. परत गेले तर त्या रिकाम्या घरात खंगून जातील, ही धास्ती मला जेवू देत नसे.

एकदा ते पेटीपाशी थबकले. "पोरी, ह्या झाडले लाल्या उना शे."

लाल्या म्हणजे कपाशीचा रोग. पानं लाल पडतात, झाड हातचं जातं. मी हसून समजावलं, की हा रंगच हवाय, म्हणून तर खत देत नाही.

"उपाशी ठेवस?" म्हणाले, आणि मी कुणाच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

काही दिवसांनी बघते तर पाणी हिरवट, मासे वर येऊन आ वासताहेत आणि माझे लाल शेंडे चक्क पोपटी! कढीपत्त्याच्या कुंडीसाठी आणलेल्या युरियाच्या डब्याचं झाकण उघडं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तणतणत आबांना शोधायला वळले, तर ते चष्मा लावून पेटीच्या पलीकडेच बसलेले.

"देख, हिरवं व्हई गयं!" गावाहून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे डोळे हसत होते. "तुन्ही सासूले बांधवरथाईन लाल्या दिसे. मन्हा आगोदर तिले दिसे."

बांधावरूनच रोग ओळखणाऱ्या सासूबाई डोळ्यांपुढे आल्या आणि राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच आलं. अर्धं पाणी बदलून मासे वाचवले आणि आबांना म्हटलं, "आता खत दोघांनी मिळून घालायचं, नखभरच."

दुपारी काकू आल्या. "अगं बाई, तुझ्या लाल झाडाचं हे काय झालं?"

"लाल्या आला होता," मी म्हटलं. "आबांनी बरा केला."

आबा उठले, दाराशी गेले आणि पिशवी उचलली. मी अडवायला पुढे झाले.

"पोरी," ते म्हणाले, "मन्हा धोतरं कोठे ठेवू?"