चार नंबरच्या टबातले पाय

दयाराम बेलपाड्याचा. घरची जमीन नवं शहर वसवायला गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षी तो पनवेलच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटला. आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तीन विभागप्रमुख बदलले. दयाराम बदलला नाही.

२०१२च्या जुलैत यूम्नाने प्रयोगशाळेत चार टब मांडले. ती एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. प्रत्येक टबात चाळीस बेडूकमासे. एक आणि दोनमध्ये ती रोज थायरॉइडच्या औषधाचे मोजून थेंब टाकी. तीन आणि चारमध्ये नुसतं पाणी. औषधाच्या टबांत पाय आधी फुटायचे, नुसत्या पाण्यात खूप उशिरा. प्रबंध या फरकावर उभा होता. सप्टेंबरअखेर तो दिला, तरच पुण्याच्या संशोधन संस्थेतली जागा तिला मिळणार होती.

दयारामने पालक उकडून घालायचा आणि पाणी बदलायचं, एवढंच ठरलं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी चार नंबरच्या टबात पाय दिसले; अंगं मात्र बारीकच होती. तीन नंबर अजून नुसता शेपट्या हलवत होता.

यूम्ना स्टुलावर बसली. "काका, माझीच चूक. औषधाची पिचकारी न धुता चारमध्ये बुडवली असणार. सगळं फुकट गेलं."

दयारामने पालकाचं पातेलं घासून पालथं घातलं. मग ते पुन्हा उचलून पुन्हा घासलं. त्याला ठाऊक होतं काय झालं ते. लहानपणी बांधाच्या कडेचं डबकं आटायला लागलं की बेडूकमासे घाईने पाय काढून बाहेर पडत, हे त्याने पाहिलं होतं. चार नंबरची पोरं मागे राहिली म्हणून त्याला कीव आली. दोन आठवडे तो रोज बोटभर पाणी काढत होता. यूम्नाला वाटलं, टब पंख्याखाली आहे, म्हणून आटतंय.

तो सरळ विभागप्रमुख वसुंधरा मॅडमच्या खोलीत गेला. यूम्नालाही बोलावून घेतलं.

"मॅडम, पोरीची काय चूक नाय. पानी मी काढलंय."

"का?"

"ती मागं राह्यली व्हती. म्हटलं, जरा हात द्यावा."

"आणि तीन नंबरला का नाही दिला?"

"तो वरच्या फळीवर हाय. माजा हात पोचत नाय."

यूम्नाला रडता रडता हसू फुटलं. मॅडमनी मात्र चष्मा काढला आणि फळ्यावर तीन बाण काढले. थायरॉइडचं संप्रेरक पाय काढतं आणि शेपूट जिरवतं. दुसरं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, त्याला मागे ओढतं, असं म्हणतात. तिसरं ताणाचं. ते लवकर आणि एकटं आलं तर वाढच खुंटवतं. थायरॉइडच्या जोडीला आलं की त्याचा जोर वाढवतं. पाणी आटलं, की ताण. ताण आला, की घाई.

"म्हणून चारमधले बारीक राह्यले," दयाराम म्हणाला. "घाईत मोठं झालं की तसंच व्हतं. माज्याकडं बघा ना."

"काका, तुम्हाला कुणी टबातून पाणी काढून वाढवलं?"

"जमीन काढून."

मॅडमनी फळा पुसला नाही. "यूम्ना, थेंब बंद. आता पाणीच तुझा विषय."

दुसऱ्या दिवशी दयारामने घरामागच्या खड्ड्यातून भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या, अंड्यांच्या लांब माळा आणल्या. आठ टब मांडले, या वेळी सगळे खालच्या फळीवर. त्यातल्या चार टबांत पाणी तेवढंच ठेवायचं, उरलेल्या चारांतून पट्टीने मोजून रोज एक सेंटिमीटर काढायचं. पट्टी दयारामच्या हातात. भरलेल्या टबांसमोरून तो हात मागे बांधून जाई. यूम्ना दारातून बघत असे.

आटत्या टबांत पाच दिवस आधी पाय फुटले. निघालेली पिल्लं बारीक. यूम्नाने एकेक मोजलं.

प्रबंध सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला गेला. आदल्या दिवशी तिने आभाराचं पान दयारामला वाचून दाखवलं.

"नाव राहू दे," तो म्हणाला. "पन पानी काढलं ते लिवू नको. नोकरी हाय माजी."

"काका, तेच तर लिहायचंय. बाकी तुम्ही केलंय काय? पालक उकडलात."

दयारामने थोडा विचार केला.

"मग पालकाचं पन लिव," तो म्हणाला.