छातीवरची पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांत मी पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यावर मास्तर होतो. शिक्षण सातवी. इंग्रजीची अक्षरं तेवढी लावता यायची. पण वासरांत लंगडी गाय शहाणी — कुणाचंही टपाल आलं की ते माझ्याकडे. आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

हिराबाईची सोनी माझ्याकडे दुसरीत होती. जरा धावली की ओठ निळे पडायचे, मग उकिडवी बसून दम खायची. पुसदच्या डॉक्टरांनी तिचे कागद मुंबईला पाठवले. उत्तर आलं ते थेट हिराबाईच्या नावावर, आणि इंग्रजीत. मला त्यातलं हार्ट कळलं, बॉम्बे कळलं, आणि पॅच — म्हणजे पट्टी, असं वाटलं. 'मला वाचता येत नाही, डॉक्टरांना दाखव' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण झाकली मूठ उघडली असती ना. मी चष्मा सारखा केला आणि सांगितलं, मुंबईचे डॉक्टर छातीवर पट्टी बांधायला सांगतात.

"कायची पट्टी, गुर्जी?"

"कापडाची," मी म्हणालो.

तिनं ती स्वतः शिवली. रंगीत धाग्यांचे बारीक टाके घातले. आरसे तेवढे लावले नाहीत, पोरीला टोचतील म्हणून. सोनी झग्याचा गळा ओढून मला ती दाखवायची. मी शाबास म्हणायचो.

इथवर ते अज्ञान होतं, असं समजा. पण पौषात शाळेत एक जुना पेपर हाती आला. हृदयाला जन्मापासून भोक असेल तर आता छाती उघडतात आणि आत कृत्रिम धाग्याच्या कापडाचं ठिगळ शिवतात, असं त्यात लिहिलं होतं. त्या कापडाचं नाव डेक्रॉन. हा शब्द पत्रात होता — मी तो डॉक्टरचं आडनाव समजलो होतो.

सोनी तेव्हा समोरच बसली होती, पाटीवर गिरवत. हिराबाईचं घर हाकेच्या अंतरावर. मी काय केलं? पेपरची घडी घातली. आज सांगू, उद्या सांगू — मास्तरला इंग्रजी येत नाही हे तांड्याला कळेल, याची लाज मला त्या पोरीच्या जिवापेक्षा मोठी वाटली. असे चार महिने गेले.

वैशाखात सोनी गेली. पुरायच्या आधी हिराबाई मला विचारायला आली. पत्र मीच वाचलं होतं ना.

"गुर्जी, पट्टी काढून घेऊ का राहू देऊ?"

तिचा माझ्यावर अजून विश्वास होता. तिचा तो चेहरा मला आजही दिसतो.

"राहू दे, हिराबाई," मी म्हणालो. "पत्रात तसंच लिवलं हाये."